दारू सोडवायला आम्ही कुठे कुठे गेलो: पावडर, सेंटर आणि महापालिकेची ओपीडी

लिहू की नको असं खूप दिवस चाललं होतं. गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका ताईंनी हळूच बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या दादाला कुठे ठेवलं होतं गं, आमच्या ह्यांच्यासाठी विचारतेय. त्यांना लेडीज डब्यात उभ्या उभ्या सांगायला घेतलं तर दादर ते डोंबिवली पुरलं नाही, म्हणून इथे नीट लिहितेय. दादाला विचारून लिहितेय, त्याने परवानगी दिलीये.

आधी थोडं घरचं सांगते. माहेर लालबागला, बाबा गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि गिरणी सुटली, त्यानंतर बाबांची जी दारू लागली ती शेवटपर्यंत, त्रेपन्नाव्या वर्षी लिव्हरने गेले. दादाने तेव्हा बाबांच्या फोटोसमोर सांगितलं होतं की मी थेंब घेणार नाही, आणि दहा वर्षं घेतलाही नाही. मग कंपनीच्या पार्ट्या, मग शनिवारचं बसणं, मग रोजची एक क्वार्टर, आणि शेवटी दिवसाला तीन, त्यातली पहिली सकाळी साडेसातला, कारण त्याशिवाय हात इतके थरथरायचे की चहाचा कप धरता यायचा नाही. आम्ही म्हणायचो बघा किती निर्लज्ज झालाय, सकाळी सकाळी पितो. ते थरथरणं म्हणजे काय हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि ते माहीत असतं तर पुढचं अर्धं टळलं असतं.

सगळ्यात आधी माळ. आईने पंढरपूरला नेऊन तुळशीची माळ घातली. चार महिने टिकली, मटण सुटलं, दारू सुटली, आई इतकी खुश होती. माळेला मी नावं ठेवणार नाही, आमच्या आळीतले दोन जण माळेवर वीस वर्षं कोरडे आहेत. पण दादाची माळ एके दिवशी देव्हाऱ्यात काढून ठेवलेली दिसली आणि त्या दिवशी तो रात्री घरीच आला नाही.

मग ती पावडर. लोकलच्या डब्यात स्टिकर लावलेले असतात ना, पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा, तेच. वहिनीने नंबर फिरवला, कुरिअरने पाकिटं आली, साडेचार हजार रुपये, आमटीत कालवून द्यायचं म्हणे. ती रोज देत होती आणि हा रोज पीत होता. एक दिवस पिऊन आल्यावर चेहरा लालभडक, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या, आम्हाला वाटलं अटॅक आला. पाकिटावर आत काय आहे हे लिहिलेलंच नव्हतं. पुढे ओपीडीतल्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच आमच्यावर जरा चिडले. म्हणाले दारूवर रिअ‍ॅक्शन देणारी गोळी असते, डायसल्फिराम, पण ती पेशंटला सगळं सांगून, त्याची संमती घेऊन, लिव्हर आणि हार्ट तपासून देतात. तुमच्या पावडरीत काय होतं देवाला माहीत, पण तसलं काही नकळत पोटात गेलं आणि वरून दारू प्यायली तर बीपी कोसळून माणूस जाऊ शकतो. पावडरीला शून्य स्टार. ज्यांच्या आमटीत आत्ता हे चालू असेल त्यांनी आज रात्रीच बंद करा.

आता सेंटर. नाव घेणार नाही, घेतलं तर भांडण सुरू होईल आणि मुद्दा राहील बाजूला. बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, फोटोत खूप छान दिसतं, योगा करणारी माणसं, गुलाबाची झाडं. नव्वद दिवसांचं पॅकेज, महिन्याचे अठरा हजार, पहिला महिना आणि डिपॉझिट आधी, आणि फोनवरचा माणूस म्हणाला शंभर टक्के रिझल्ट, लेखी देतो. हे शंभर टक्के ऐकलं तेव्हाच फोन ठेवायला हवा होता, बीपीच्या डॉक्टरने शंभर टक्के म्हटलं तर आपण विश्वास ठेवतो का? पण तेव्हा ३१ डिसेंबर नुकताच झाला होता, दादा दोन दिवस बेपत्ता होता, पैसे संपले की तो हातभट्टीच्या अड्ड्यावर जातो हे शेजाऱ्यांकडून कळलं होतं, आणि आई मालवणीचं २०१५ चं प्रकरण आठवून आठवून रडत होती, मिथेनॉलच्या दारूने शंभरवर माणसं गेली होती तेव्हा. अशा वेळी कुणी शंभर टक्के म्हटलं की ते खरं वाटतं.

शुक्रवारी रात्री साडेअकराला त्यांची पिकअप टीम आली. चार जण, एक बोलेरो. दादा बनियनवर झोपला होता, तसाच उचलला. पुतण्या तेव्हा बारा वर्षांचा होता, तो दारात उभा राहून बघत होता आणि त्याने एक शब्द काढला नाही, अजूनही तो विषय काढत नाही. त्या रात्रीसाठी मी दादाची माफी मागितलीये.

हे असं उचलून नेणं कायद्यात बसत नाही हे मला नंतर कळलं. मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७ सालचा आहे आणि दारू किंवा ड्रग्जचं व्यसन त्यात येतं. माणूस स्वतः तयार नसेल आणि नातेवाइकांच्या अर्जावर भरती करायचं असेल तर एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका डॉक्टरने किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, आणि तेही आधी तीस दिवसांपर्यंतच. पेशंटला फोन करायचा, घरच्यांना भेटायचा हक्क आहे. साखळीने बांधायला तर सरळ बंदी आहे. आणि अशा प्रत्येक सेंटरची नोंदणी राज्याच्या प्राधिकरणाकडे असावी लागते. आम्ही यातलं काही म्हणजे काही विचारलं नव्हतं, आम्ही फक्त एसी आहे का विचारलं.

शनिवारी फोन केला तर सांगितलं पहिले पंधरा दिवस बोलता येणार नाही, नियम आहे. रविवारी परत तेच. सोमवारी पहाटे चार वाजता माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबर. तिथेच काम करणारा एक मुलगा, स्वतः आधी पेशंट होता, दबक्या आवाजात म्हणाला ताई तुमचा भाऊ बरा नाहीये, भिंतीवर मुंग्या दिसतायत त्याला, चादर ओढतोय, ओळखत नाहीये कुणाला, काल दुपारी फिट पण आली होती, सर म्हणतायत नाटक करतोय, तुम्ही या. नवरा, मी आणि वहिनी टॅक्सी करून सहा वाजेपर्यंत पोचलो. दादाला बाजेला कापडाने बांधलेलं होतं, घामाने निथळत होता आणि बाबांशी बोलत होता. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

तिथून अँब्युलन्सने कल्याणच्या एका हॉस्पिटलात, पाच दिवस आयसीयू, एक लाख दहा हजार बिल. मेडिक्लेम नाकारला गेला, पॉलिसीत व्यसनाचे उपचार आणि त्यातून होणारे आजार वगळलेले होते. बऱ्याच पॉलिसीत हे कलम असतं, आपापली काढून वाचा.

आयसीयूच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते इथे सांगते, कारण अख्ख्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त उपयोगाचं तेच आहे. ते म्हणाले रस्सीखेच समजा. दारू मेंदूला रोज एका बाजूला, झोपेकडे, ओढत असते, म्हणून मेंदू दुसऱ्या बाजूने जोर लावून जागं राहायला शिकतो. वर्षानुवर्षं हे चाललं आणि एक दिवस दारूची बाजू अचानक सोडून दिली, की मेंदूचा तो सगळा जोर मोकळा सुटतो. पहिल्या दिवशी हात कापतात, घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या दिवसानंतर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसतं, ताप चढतो, ठोके वाढतात, याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर यात माणूस दगावतो. म्हणजे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका झटक्यात, घरात कोंडून, डॉक्टरशिवाय बंद करणं हेच धोक्याचं आहे. सकाळी ज्याचे हात कापतात आणि घोट घेतल्यावर थांबतात, त्याला तर नक्कीच हॉस्पिटल लागतं.

सेंटरला एक स्टार देतेय तो फक्त त्या फोन करणाऱ्या मुलासाठी. बाकी जेवण ठीक होतं असं दादा म्हणतो, समुपदेशन म्हणजे जुन्या पेशंटनी नव्याला सगळ्यांसमोर उभं करून शिव्या घालणं, डॉक्टर आठवड्यातून एकदा, तो दिवस शुक्रवार आणि दादा आला शुक्रवारी रात्री. डिपॉझिट परत मिळालं नाही.

घरी आल्यावर सोळाव्या दिवशी दादा परत प्यायला. आम्ही सगळे कोसळलो. आई म्हणाली आता सोडून द्या त्याला. मी १४४४६ ला फोन केला, नशामुक्तीची केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे, फुकट, आणि तिकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं की आधी उपचार काय काय झाले. मी पावडर, सेंटर, आयसीयू सांगितलं. त्या म्हणाल्या म्हणजे व्यसनाचे उपचार अजून सुरूच झालेले नाहीत ना. ते वाक्य मला लागलं पण खरं होतं. पुढे कुठेतरी वाचलं, एम्सच्या २०१९ च्या अहवालात आहे, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. आमचं घर इतकी वर्षं उरलेल्या ३७ मध्येच होतं.

तर आता ओपीडी. महापालिकेचं मोठं हॉस्पिटल, मानसोपचार विभागाची व्यसनमुक्ती ओपीडी. आधी वाईट सांगते. सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत उभं राहिलात तर साडेअकराला नंबर लागतो. बसायला बाकं कमी. टॉयलेटबद्दल न बोललेलं बरं. शिकाऊ डॉक्टर काही महिन्यांनी बदलतात, मग नव्याला पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची, त्यात दादाला फार लाज वाटायची. यावर वहिनीने उपाय काढला, पुतण्याची एक दोनशेपानी वही घेतली आणि त्यात तारीखवार सगळं लिहायला लागली, गोळ्या, झोप, कधी तलफ आली, कधी घसरला, रिपोर्ट चिकटवलेले. नवा डॉक्टर आला की वही पुढे. एका मॅडमनी तर ती वही दुसऱ्या नातेवाइकांना दाखवली की असं लिहा. कॉट लगेच मिळाली नाही, सहा दिवस थांबावं लागलं, आणि त्या सहा दिवसांत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दारू एकदम बंद करू नका, मी ऐकतच राहिले. एखादी गोळी हॉस्पिटलच्या फार्मसीत नसली की बाहेरून आणावी लागते.

पण उपचार. बारा दिवस वॉर्डात होता, सोबत एक नातेवाईक लागतो म्हणून रात्री मी आणि दिवसा वहिनी. सिस्टर दर काही तासांनी यायच्या, हात पुढे करा, जीभ दाखवा, आज वार कुठला, घाम किती, आणि त्यावरून लोराझेपामचा, म्हणजे मेंदू शांत ठेवणाऱ्या औषधाचा, डोस ठरायचा. पहिले दोन दिवस जास्त, मग रोज थोडा थोडा कमी, शेवटी बंद. थायमिनची इंजेक्शनं सुरुवातीलाच, ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी, कारण पिणाऱ्यांच्या अंगात हे व्हिटॅमिन उरलेलं नसतं आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्याच माणसाची त्याच प्रमाणातली दारू सुटली, आणि या वेळी ना फिट, ना मुंग्या. तिसऱ्या रात्री दादा घोरत होता आणि मी स्टुलावर बसून फक्त ते घोरणं ऐकत होते.

मग कळलं की ही फक्त पायरी आहे, दारू अंगातून काढणं आठवड्याचं काम आणि डोक्यातून काढणं वर्षांचं. लिव्हरचे रिपोर्ट बिघडलेले होते म्हणून डायसल्फिराम लगेच दिली नाही, किडनी तपासून अकॅम्प्रोसेट दिली, दोन दोन गोळ्या तीन वेळा, तिने तलफ कमी होते. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टर म्हणाले हे अजून मागे फिरू शकतं, बाबांसारखं सिरॉसिस झालं की मग फिरणं कठीण. तंबाखूचंही त्यांनीच काढलं, दादा चुना मळतो, आणि दारू अधिक तंबाखू म्हणजे तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने नाही तर गुणाकाराने वाढतो. परळला टाटाच्या बाहेर फुटपाथवर राहणारी माणसं आम्ही लहानपणापासून बघतोय, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. तंबाखू अजून सुटलेली नाही, कमी झालीये.

खरे स्टार मी समाजसेविका मॅडमना देईन. त्यांनी पहिल्या भेटीत दादाला बाहेर बसवलं आणि वहिनीला विचारलं, तुम्ही किती तास झोपता? वहिनी इतकी रडली. तेरा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. मग एकेक निघत गेलं. कंपनीत फोन करून ताप आलाय सांगायची ती. परमिट रूमची उधारी मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवून फेडली ती तिने. हळदीकुंकवाला जाणं बंद केलं होतं कारण बायका विचारायच्या. पुतण्या शाळेतून आला की आधी बाबांच्या चपला कुठे काढल्यात ते बघायचा, सरळ असल्या तर घरात, वाकड्या असल्या तर गच्चीवर. मॅडम म्हणाल्या तुम्ही खोटे फोन करता, उधारी फेडता, त्याने त्याची पडझड त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दोष दिला नाही, फक्त सांगितलं की उद्यापासून फोन तो स्वतः करेल.

त्यांनीच अल-अनॉनच्या मीटिंगला पाठवलं. दारुड्यांच्या घरच्यांसाठी असते ती, दारू सोडणाऱ्यांची एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, वेगळी, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली, आज मुंबईत शाळांच्या वर्गांत आणि चर्चच्या हॉलमध्ये भरते, मराठीतसुद्धा. फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, टाकायचे तर टाका. कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नसतं म्हणून सांगत नाही. वहिनी पहिल्यांदा म्हणाली पितात ते, मी कशाला जाऊ, आता दर गुरुवारी स्वयंपाक आधी उरकून जाते आणि माझ्या मते आमच्या घरात सगळ्यात जास्त बदल तिच्यात झालाय. दादा एएला जातो, पण नेमाने नाही, त्याला देवाचं बोलणं पटत नाही, त्याला गोळ्या आणि डॉक्टर पटतात. ज्याला जे लागू पडेल ते.

गेल्या वर्षी गटारीला दादा घसरला. शाळेतले मित्र, नायगावच्या एकाच्या घरी कोंबडी, आणि एकच घे रे, उद्यापासून श्रावण. ते सगळे भले लोक आहेत, दादावर जीव आहे त्यांचा, आणि तरी त्याचा ग्लास भरणारे तेच. दोन दिवस प्यायला. आम्हाला वाटलं आता ओपीडीत हाकलून देतील. डॉक्टरांनी नुसतं विचारलं, किती वाजता, त्याआधी जेवला होतात का, कोण होतं, पहिला घोट घ्यायच्या आधीच्या तासात डोक्यात काय होतं. वहीत लिहिलं. म्हणाले साखरेच्या पेशंटने लाडू खाल्ला तर आपण त्याचं इन्सुलिन बंद करतो का. मग दादानेच स्वतः विचारलं ती रिअ‍ॅक्शनची गोळी द्याल का, पुढे गणपती आहेत, लालबागमध्ये दहा दिवस काय असतं तुम्हाला माहितीये. तोपर्यंत लिव्हर सुधारलं होतं, म्हणून सही घेऊन डायसल्फिराम दिली, वहिनीसमोर सकाळी घ्यायची, अल्कोहोल असलेलं कफ सिरपसुद्धा चालत नाही, आणि गोळी थांबवली तरी दोन आठवड्यांपर्यंत दारूवर रिअ‍ॅक्शन येऊ शकते. येत्या गटारीला एक वर्ष पूर्ण होईल. त्या दिवशी आम्ही सगळे डोंबिवलीला माझ्याकडे आहोत, मटण मी करतेय.

ओपीडीला साडेचार स्टार, अर्धा रांगेचा कापला. अल-अनॉनला पाच.

ज्यांना भरतीच करायचंय आणि खर्च करायची तयारी आहे त्यांच्यासाठी, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, आणि वांद्र्याला कृपा फाउंडेशन त्याच्याही आधीपासून, १९८१ पासून. आम्ही दोन्हीकडे गेलो नाही म्हणून स्टार देत नाही, पण ओपीडीच्या रांगेत दोन्हींची नावं बऱ्याच जणांकडून चांगली ऐकली. कुठेही जा, पैसे भरायच्या आधी एवढं विचारा की नोंदणी दाखवा, रात्री डॉक्टर असतो का, फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता, घरच्यांना कधी भेटता येतं, आणि बाहेर पडल्यावर वर्षभर कोण बघणार. उत्तर द्यायला जो वैतागेल त्याच्याकडे नका ठेवू.

सेंटरचं नाव मेसेज करून विचारू नका, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार केलीये, ती चालू आहे.

हे सगळं टाकायच्या आधी दादाला वाचायला दिलं. त्याने बाबांचं, पुतण्याचं, मंगळसूत्राचं, सगळं तसंच ठेवलं, एकाच ठिकाणी थांबला. म्हणाला, तू लिहिलंयस मुंग्या दिसत होत्या. नुसत्या दिसत नव्हत्या, चावत होत्या, लोकांना तसं सांग.